मार्व्हल कॉमिक्समधील शापित नायक

अमेरिकेतील मार्व्हल कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेने १९७०च्या दशकात भयकथा आणि सुपरहीरो कथा यांच्या मिश्रणातून काही पात्रे निर्माण केली. घोस्ट रायडर, वेअरवुल्फ बाय नाइट, मॉर्बियस, मॅन-थिंग, ब्लेड आणि हॅनिबल किंग ही त्यांतील प्रमुख पात्रे होत. इंग्रजी समीक्षेत अशा पात्रांना अँटिहीरो म्हणतात. ही पात्रे खलनायक नव्हेत, परंतु रूढ अर्थाने नायकही नव्हेत. सुपरहीरोला त्याची शक्ती वरदानासारखी लाभते. या पात्रांना ती शापासारखी मिळाली आहे आणि त्यांतील बहुतेकांना ती नकोशी आहे. एकमेकांच्या अंकांत त्यांच्या ज्या भेटी घडल्या, त्यांत शापमुक्तीचा हा शोध विशेष ठळकपणे दिसतो.

पार्श्वभूमी

१९५०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत भयकथांची कॉमिक्स अतिशय लोकप्रिय होती. मुलांच्या मनावर त्यांचा दुष्परिणाम होतो, अशी टीका मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी केली. १९५४ साली अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे या विषयावर सुनावणी झाली. त्याच वर्षी प्रकाशकांनी 'कॉमिक्स कोड' ही आचारसंहिता स्वतःहून स्वीकारली. तिच्यानुसार व्हॅम्पायर, वेअरवुल्फ आणि चालती प्रेते दाखविण्यास मनाई होती. अंकाच्या नावात 'हॉरर' किंवा 'टेरर' हे शब्दही वापरता येत नसत. संहितेचा शिक्का नसलेले अंक वितरक सहसा स्वीकारीत नसत. त्यामुळे हा कथाप्रकार वर्तमानपत्रांच्या दुकानांतील रंगीत कॉमिक्समधून जवळजवळ नाहीसा झाला.

१९७१ साली ही संहिता शिथिल करण्यात आली. ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन यांसारख्या अभिजात साहित्यकृतींच्या परंपरेला धरून असल्यास व्हॅम्पायर आणि वेअरवुल्फ यांना परवानगी मिळाली. झाँबींवरील बंदी मात्र कायम राहिली. मार्व्हलच्या लेखकांनी 'झुवेम्बी' असा पर्यायी शब्द वापरून त्यातून वाट काढली.

प्रमुख पात्रे

मॉर्बियस (ऑक्टोबर १९७१) : स्पायडरमॅनच्या १०१व्या अंकात प्रथम अवतरलेले पात्र. लेखक रॉय थॉमस, चित्रकार गिल केन. दुर्मीळ रक्तविकाराने ग्रस्त असलेला हा जीवरसायनशास्त्रज्ञ वटवाघळांवर आधारलेल्या प्रयोगातून स्वतःवर उपचार करू पाहतो आणि रक्तपिपासू बनतो. त्याची ही अवस्था जादूटोण्यातून नव्हे, तर विज्ञानातून आलेली आहे.

मॅन-थिंग (मे १९७१) : टेड सॅलिस हा शास्त्रज्ञ पाठलाग चुकवताना फ्लोरिडातील दलदलीत पडतो आणि वनस्पती व चिखल यांपासून बनलेला प्राणी होतो. त्याला विचारशक्ती उरत नाही. इतरांच्या भावना मात्र त्याला जाणवतात. भयभीत झालेल्या व्यक्तीला त्याचा स्पर्श झाला, की ती व्यक्ती भाजते.

वेअरवुल्फ बाय नाइट (फेब्रुवारी १९७२) : जॅक रसेल या तरुणाला वयाच्या अठराव्या वर्षी घराण्याचा शाप भोवतो. पौर्णिमेच्या सुमारास तो लांडग्याचे रूप धारण करतो. लेखक गेरी कॉनवे, चित्रकार माइक प्लूग.

घोस्ट रायडर (ऑगस्ट १९७२) : जॉनी ब्लेझ हा मोटारसायकलवरील कसरतपटू. आपल्याला वाढविणाऱ्या क्रॅश सिम्पसनचा कर्करोग बरा व्हावा म्हणून तो सैतानाशी करार करतो. सिम्पसनचा रोग बरा होतो, पण कसरतीच्या अपघातात त्याचा मृत्यू होतो. जॉनीच्या वाट्याला मात्र जळत्या कवटीचे रूप येते.

ब्लेड (जुलै १९७३) आणि हॅनिबल किंग (ऑक्टोबर १९७४) : ही दोन्ही पात्रे 'टूम ऑफ ड्रॅक्युला' या मालिकेतील होत. या मालिकेचे ७० अंक १९७२ ते १९७९ या काळात निघाले आणि ते सर्व जीन कोलन यांनी चित्रित केले. मार्व्ह वुल्फमन हे तिचे प्रमुख लेखक होते. ब्लेड हा व्हॅम्पायरांची शिकार करणारा आहे. किंग हा व्यवसायाने खाजगी गुप्तहेर असून स्वतः व्हॅम्पायर आहे, परंतु तो जिवंत माणसाचे रक्त पीत नाही.

परस्परभेटी

मार्व्हलची सर्व पात्रे एकाच कथाविश्वात वावरतात. दोन सुपरहीरो प्रथमच भेटले, की त्यांच्यात गैरसमजातून झुंज होते आणि मग ते समान शत्रूविरुद्ध एकत्र येतात, असा या कथांचा ठरलेला साचा आहे. शापित नायकांच्या कथांत झुंजीचा पहिला टप्पा कायम राहतो. एकत्र येण्याचा दुसरा टप्पा मात्र अनेकदा गाठला जात नाही, कारण प्रत्येकाला समोरचा केवळ राक्षस वाटतो.

मार्च १९७४ मध्ये 'टूम ऑफ ड्रॅक्युला'च्या १८व्या आणि 'वेअरवुल्फ बाय नाइट'च्या १५व्या अंकात मिळून एक कथा प्रसिद्ध झाली. घराण्याच्या शापाचे मूळ शोधत जॅक रसेल ट्रान्सिल्व्हेनियात जातो आणि तेथे त्याची गाठ ड्रॅक्युलाशी पडते. अठराव्या शतकात आपल्या पूर्वजाला वेअरवुल्फचा दंश ड्रॅक्युलामुळेच झाला होता, हे त्याला कळते. शापाचे मूळ सापडते, पण उःशाप मिळत नाही.

ऑगस्ट १९७५ मध्ये 'वेअरवुल्फ बाय नाइट'च्या ३२व्या अंकात मून नाइट हे पात्र प्रथम आले. लेखक डग मेन्च आणि चित्रकार डॉन पर्लिन यांनी त्याची निर्मिती केली. तो पैशासाठी रसेलला पकडतो, पण ज्यांनी हे काम दिले त्यांचा हेतू पाहून त्याला सोडून देतो. समोरच्या पशूतील माणूस वेळीच ओळखला गेल्याचे हे या कथांतील तुलनेने दुर्मीळ उदाहरण आहे.

'लीजन ऑफ मॉन्स्टर्स' ही कथा फेब्रुवारी १९७६ मध्ये 'मार्व्हल प्रीमियर'च्या २८व्या अंकात आली. लेखक बिल मँटलो, चित्रकार फ्रँक रॉबिन्स. घोस्ट रायडर, मॉर्बियस, वेअरवुल्फ आणि मॅन-थिंग हे चौघे तीत एकत्र दिसतात. लॉस एंजेलिसमध्ये अकस्मात एक पर्वत उभा राहतो आणि त्यावर स्टारसीड नावाचा तेजस्वी परका पुरुष प्रकटतो. त्याच्याशी झुंज होते. मॅन-थिंगला पाहून स्टारसीड घाबरतो आणि त्याच्या स्पर्शाने भाजून मरण पावतो. या चौघांना पुन्हा माणूस करण्याचे सामर्थ्य त्याच्यात होते. नाव संघाचे असले, तरी येथे संघ उभाच राहत नाही. ज्याच्याकडे उःशाप होता, त्याचाच अंत त्यांच्या हातून होतो आणि ते आपापल्या वाटेने निघून जातात.

ब्लेड आणि हॅनिबल किंग यांच्या भेटीचा शेवट वेगळा आहे. डीकन फ्रॉस्ट या व्हॅम्पायरने ब्लेडच्या आईचा प्राण घेतला होता आणि किंगला व्हॅम्पायर केले होते. किंगवर विश्वास ठेवणे ब्लेडला आरंभी जड जाते. तरीही दोघे मिळून फ्रॉस्टचा माग काढतात आणि १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ५३व्या अंकात फ्रॉस्टचा अंत होतो.

या कथासूत्राचा पुढचा टप्पा १९८३ साली रॉजर स्टर्न यांनी 'डॉक्टर स्ट्रेंज'मध्ये लिहिला. मॉन्टेसी मंत्राच्या उच्चाराने जगातील सर्व व्हॅम्पायर नष्ट होतात. एकटा किंग वाचतो आणि पुन्हा माणूस होतो, कारण त्याने कधीही माणसाचा बळी घेऊन रक्त प्यायलेले नसते. शापित अवस्थेतही पाळलेला संयम हाच त्याचा उःशाप ठरतो.

नंतरचा काळ

१९७०च्या दशकाच्या अखेरीस भयकथांची लाट ओसरली आणि यांतील बहुतेक मालिका बंद पडल्या. १९९२ साली मार्व्हलने 'मिडनाइट सन्स' या नावाखाली ब्लेड, मॉर्बियस आणि नव्या रूपातील घोस्ट रायडर यांना एकत्र आणले. १९९८ साली वेस्ली स्नाइप्स यांची प्रमुख भूमिका असलेला 'ब्लेड' हा चित्रपट प्रदर्शित झाला. २०२२ साली आलेल्या 'वेअरवुल्फ बाय नाइट' या दूरचित्रवाणी चित्रपटात जॅक रसेल आणि मॅन-थिंग हे एकमेकांचे मित्र दाखविले आहेत.