बर्नार्डो, टॉमस जॉन
(४ जुलै १८४५ – १९ सप्टेंबर १९०५). इंग्लंडमधील निराधार मुलांसाठी आश्रयगृहे स्थापन करणारा समाजसेवक व त्यांचा आजन्म संचालक. जन्म आयर्लंडमधील डब्लिन येथे. धर्मप्रचारक म्हणून चीनला जाण्याच्या उद्देशाने तो वैद्यकाच्या शिक्षणासाठी १८६६ मध्ये लंडनला आला. तेथील ईस्ट एंड या दरिद्री वस्तीत त्या वर्षी पटकीची साथ उद्‌भवली होती. अनाथ व बेघर मुलांची दैना पाहून त्याने चीनचा बेत सोडला आणि १८६७ मध्ये गरीब मुलांसाठी विनामूल्य शाळा काढली.

स्टेपनी येथे १८७० मध्ये त्याने मुलग्यांसाठी पहिले वसतिगृह उघडले. जागेअभावी प्रवेश नाकारलेला अकरा वर्षांचा एक मुलगा पुढे मृतावस्थेत आढळला. तेव्हापासून कोणत्याही निराधार मुलास परत पाठवावयाचे नाही, हे संस्थेचे ब्रीद ठरले. मुलींसाठी बार्किंगसाइड येथे १८७६ मध्ये कुटीरांचे गाव वसविण्यात आले. तेथे प्रत्येक कुटीरात गृहमातेच्या देखरेखीखाली मुली कुटुंबाप्रमाणे राहत. मुलांना सुतारकाम, चर्मकाम, मुद्रण इ. व्यवसायांचे शिक्षण देण्यात येई.

अनिर्बंध प्रवेशाच्या या धोरणामुळे खर्च सतत वाढत गेला व तो भागविण्यासाठी लोकांच्या देणग्यांवर विसंबणे भाग पडले. आश्रयापूर्वीची व नंतरची अशी मुलांची छायाचित्रे विकून बर्नार्डो निधी जमवीत असे. ही छायाचित्रे बनावट आहेत, निधीचा दुरुपयोग होतो व अर्हता नसताना तो ‘डॉक्टर’ ही उपाधी लावतो, असे आरोप त्याच्यावर झाले. वैद्यकाची अर्हता त्याने १८७६ मध्ये मिळविली. लवादाने १८७७ मध्ये त्याला बहुतेक आरोपांतून मुक्त केले. मात्र छायाचित्रांसाठी मुलांना मुद्दाम फाटके कपडे घालण्याच्या प्रकारावर ठपका ठेवला. याच सुमारास संस्थेचा कारभार विश्वस्तांकडे सोपविण्यात आला. दैनंदिन सूत्रे मात्र बर्नार्डोच्याच हाती राहिली.

वसतिगृहांवरील भार हलका करण्यासाठी १८८२ पासून मुलांना कॅनडात पाठविण्यात येऊ लागले. काही मुलांना आईबापांच्या संमतीवाचून परदेशी धाडल्याबद्दल त्याला न्यायालयात जावे लागले. अयोग्य पालकांना मुलांचा ताबा नाकारण्याचा अधिकार न्यायालयांना देणाऱ्या १८९१ च्या कायद्यास ‘बर्नार्डो कायदा’ असेही संबोधण्यात येई. परदेशी पाठविलेल्या मुलांपैकी अनेकांच्या वाट्याला एकाकीपणा व कष्ट आले. अशा बालस्थलांतराबद्दल ब्रिटिश शासनाने २०१० मध्ये जाहीर क्षमायाचना केली.

बर्नार्डो सर्बिटन येथे निधन पावला, तेव्हा संस्थेच्या ९६ गृहांत ८,५०० हून अधिक मुले होती. संस्थेवर मोठे कर्जही होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या वसतिगृहांऐवजी दत्तकविधान, पालककुटुंबे व कुटुंबांना घरीच साहाय्य यांवर संस्थेने भर दिला. मुलास त्याच्या कुटुंबापासून दूर नेण्यात त्याचे हित आहे, ही संस्थापकाची धारणा अशा रीतीने मागे पडली. निराधार मुलास दारातून परतवू नये, हे त्याचे तत्त्व मात्र बालकल्याणाच्या कार्यास चिरंतन आव्हान ठरले आहे.