दारे उघडी, रहस्य शाबूत

गोव्यातल्या माणसाला हुबळी परकी नाही. रेल्वेने वा घाटरस्त्याने, व्यापारासाठी, औषधपाण्यासाठी, सोयरिकीसाठी पिढ्यान्‌पिढ्या आपले तिकडे जाणेयेणे आहे. अशाच एका निमित्ताने हुबळी-धारवाड रस्त्यावरील उणकल येथे एका जुन्या स्नेह्यांच्या घरी आमचा मुक्काम पडला. उणकल हे एके काळचे तलावाकाठचे गाव. आता ते शहराच्या पोटात गेले आहे. घर मराठी, शेजार कानडी. रात्रीची जेवणे आटोपल्यावर घरातील तीन पिढ्या एकत्र बसल्या आणि ‘दृश्यम’ हा हिंदी चित्रपट लावण्यात आला. यजमानांनी त्याची कानडी आवृत्ती, रविचंद्रन यांचा ‘दृश्य’, २०१४ मध्येच पाहिली होती; तरीही ते जागचे हलले नाहीत. चित्रपट संपल्यावर महाविद्यालयात शिकणारा नातू म्हणाला, “आजोबा, पहिला तास कापून टाकला असता, तरी काही बिघडलं नसतं!” या एका वाक्यावरून जो वाद रंगला, तो मध्यरात्रीपर्यंत चालला. त्या वादाचे सार वाचकांपुढे ठेवावे, असे आम्हांला वाटते.

‘दृश्यम’ची मूळ कथा जीतू जोसेफ यांची. त्यांचा मल्याळी चित्रपट २०१३ चा. निशिकांत कामत यांनी २०१५ मध्ये ती कथा हिंदीत आणली आणि केरळातून उचलून गोव्याच्या मातीत रुजवली. ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) या चित्रपटात चाकरमान्याचा उद्रेक दाखवणारे हे मराठी दिग्दर्शक २०२० मध्ये अकाली निवर्तले. त्यांच्या ‘दृश्यम’चा नायक विजय साळगावकर हा केबलचा धंदा करणारा, चौथी नापास, चित्रपटवेडा गृहस्थ. मोठ्या मुलीची अब्रू वेठीस धरणारा एक तरुण तिच्या हातून मारला जातो. तो निघतो पोलीस महानिरीक्षक मीरा देशमुख यांचा एकुलता एक मुलगा. मग हा बाप आपल्या कुटुंबाभोवती खोट्या पुराव्यांची तटबंदी उभी करतो.

आता पहिल्या तासाकडे वळू. त्यात घडते काय? नायकाचा चिक्कूपणा, बायकोमुलींच्या लाडिक तक्रारी, कचेरीत रात्र रात्र चित्रपट पाहणे, एका लाचखाऊ पोलिसाशी खटके. वरवर पाहता हा सारा फापटपसारा. परंतु पुढे जे जे कामास येते, ते सारे याच तासात पेरलेले असते. चित्रपटांचे वेड नसते, तर पुरावा कसा रचावा हे त्याला सुचले नसते. पोलिसाशी वैर नसते, तर संशय त्याच्यावर आला नसता. आणि त्या घराचा लळा आपल्याला लागला नसता, तर ते वाचते की बुडते याची आपल्याला फिकीर वाटली नसती. गंगूबाई हनगल यांच्या नावाचे गुरुकुल याच उणकलमध्ये आहे. विलंबित ख्याल गाळून एकदम द्रुत गा, असे त्या परंपरेत कोणी म्हणेल काय? विलंबितात राग मनात मुरतो, म्हणूनच द्रुताची तान अंगावर रोमांच उभे करते. थरारपटाचेही तसेच आहे.

रहस्यप्रधान चित्रपटांच्या दोन जाती आहेत. पहिलीत उत्तर प्रेक्षकांपासून लपवलेले असते. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) आठवावा. पत्नीच्या मृत्यूने खचलेल्या वकिलासमोर एक स्त्री आरोपी म्हणून उभी राहते आणि मीच तुमची पत्नी, असा दावा करते. ती खरी की खोटी, हे शेवटपर्यंत वकिलालाही ठाऊक नसते आणि आपल्यालाही. याच कथेवरून राज खोसला यांनी १९६६ मध्ये ‘मेरा साया’ काढला. दुसऱ्या जातीत उत्तर प्रेक्षकांना आधीच ठाऊक असते. ठाऊक नसते ते चित्रपटातील पात्रांना. आल्फ्रेड हिचकॉक यांनी हा भेद बाँबच्या दृष्टांताने समजावला होता. टेबलाखालचा बाँब अचानक फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतात. पण बाँब ठेवल्याचे त्यांना आधी दाखवले, तर टेबलाभोवतीच्या माणसांच्या शिळोप्याच्या गप्पाही श्वास रोखून ऐकाव्या लागतात. पहिला विस्मय, दुसरी उत्कंठा. ‘दृश्यम’ बव्हंशी दुसऱ्या जातीचा. पण त्याने एक गोष्ट पहिल्या जातीप्रमाणे अखेरपर्यंत राखून ठेवली आहे. ती कोणती, हे सांगणे म्हणजे न पाहिलेल्या वाचकाशी द्रोह ठरेल.

या दोन्ही जातींना लागू असलेला एक दंडक मात्र आहे: प्रेक्षकांपासून राखून ठेवावे, पण त्यांच्याशी खोटे बोलू नये. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारकथा उशीखाली दडवून वाचणाऱ्या आमच्या पिढीला हे न शिकवता कळत होते. शेवटच्या पानावर कोणी अनोळखी इसम गुन्हेगार म्हणून उभा केला, तर वाचक पुस्तक भिरकावून देईल. दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांनी आम्हांला उणकलच्या चंद्रमौळेश्वराच्या मंदिरात नेले. चालुक्यकालीन काळ्या दगडाचे हे देवालय चारही दिशांनी उघडे आहे. कोठूनही आत यावे, उजेडाला मज्जाव नाही. तरीही एका दारात उभे राहून सारे मंदिर दिसत नाही. प्रदक्षिणा घालावीच लागते. चांगल्या रहस्यकथेची रचना अशी असते. तिच्यात अंधारकोठडी नसते. कोणते दार आधी आणि कोणते नंतर, एवढेच कथाकार ठरवतो.

ही विद्या पश्चिमेकडून आली, असेही कोणी समजू नये. भरतमुनींनी नाट्याचे मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण असे पाच संधी सांगितले. मुखात बीज पडते, गर्भात ते हाती लागते आणि निसटते, विमर्शात सारे बुडाले असे वाटते आणि निर्वहणात धागे जुळतात. विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’ तर बनावट पुराव्याचेच नाटक! राक्षसाची मुद्रा चाणक्याच्या हाती कशी लागते आणि ती उमटवलेले कपटपत्र कसे तयार होते, हे पहिल्याच अंकात उघड होते. पाचव्या अंकात ते पत्र ‘पकडले’ जाते, तेव्हा प्रेक्षकांना सारे ठाऊक असते आणि राक्षसाला काहीच नाही.

येथपर्यंतचा वाद कलेचा होता. खरा प्रश्न उपस्थित केला तो आतापर्यंत मुकाट बसलेल्या आजींनी. त्या म्हणाल्या, “अरे, पण त्या मेलेल्या पोराच्या आईला कोणी काय सांगायचं?” बैठक गप्प झाली. कारण आम्ही सारेच दोन तास एका खोट्याच्या बाजूने उभे होतो. नायकाची युक्ती अशी, की साक्षीदारांना तो विकत घेत नाही. त्यांच्या आठवणीतली तारीख तेवढी सरकवतो. बसवाहक, हॉटेलवाला, चित्रगृहातला माणूस, सारे प्रामाणिकपणे असत्य सांगतात. आणि ती सरकवलेली तारीख कोणती? २ ऑक्टोबर! मूळ मल्याळीत ती ऑगस्टमधली होती. हिंदीत येताना सत्याच्या पुजाऱ्याचा जन्मदिवस निवडला गेला. ज्यांनी त्या नावावर लाठ्या खाल्ल्या, त्यांना हा योगायोग टोचल्यावाचून राहत नाही.

तरीही दोष केवळ चित्रपटाला देणे न्याय्य होणार नाही. पोलीसठाण्यात सत्य सांगितले तर न्याय मिळेल, अशी खात्री त्या बापाला असती, तर ही कथा दहा मिनिटांत संपली असती. कोवळ्या मुलीवर हात उगारणारा वर्दीवाला पडद्यावर मार खातो, तेव्हा चित्रगृहात टाळ्या पडतात. त्या टाळ्या खोटेपणाला नसतात. आपल्या ठाण्यांविरुद्धची ती जनतेची न नोंदवलेली फिर्याद असते. थरारपटाचा संकेत नीतीला दोन तास बाहेर थांबायला सांगतो, तिला हद्दपार करू शकत नाही. म्हणूनच कामतांनी अखेरीस त्या मुलाच्या आईबापांना नायकासमोर आणून बसवले आणि आजींचा प्रश्न त्यांच्या तोंडी दिला. ‘मुद्राराक्षसा’तही शेवटी कपट जिंकत नाही, मित्राचा जीव वाचवण्यासाठी राक्षस स्वतः होऊन पुढे येतो, तेव्हाच नाटक पुरे होते.

निघताना नातू आम्हांला उणकलच्या स्थानकापर्यंत पोहोचवायला आला. म्हणाला, “काका, पहिला तास परत बघेन.” तो त्याने अवश्य बघावा. त्याबरोबर, ज्या समाजात भल्या माणसाला ठाण्याची पायरी चढण्यापेक्षा खोटे रचणे सोपे वाटते, त्या समाजाचीही एक प्रदक्षिणा त्याच्या पिढीने घालावी. तेथली सगळी दारे अजून उघडलेली नाहीत.