भिंतींना चटया, झाडांना दोर

कानाझावातल्या नागामाची या जुन्या सामुराई वस्तीत, गल्लीच्या कोपऱ्यावर भिंतीला लागून एखादा ओबडधोबड दगड रोवलेला असतो. एकटादुकटा पर्यटक त्याला वळसा घालून पुढे जातो. सोबत गाइड असतील तर ते इथे हमखास थांबतात. हा गोप्पोइशी. बर्फातून चालताना गेता या लाकडी पादत्राणांच्या खाचांत बर्फाचा गोळा घट्ट बसायचा; पाय या दगडावर आपटला की तो निघून यायचा. एवढंच त्याचं काम. पण हे एकदा कळलं की त्या गल्लीतून हिवाळ्यात घरी परतणारी माणसं दिसू लागतात.

होन्शू बेटाच्या पश्चिम अंगाला, जपानच्या समुद्राजवळ वसलेलं हे शहर. माएदा तोशिइए 1583 मध्ये इथल्या किल्ल्यात आला आणि पुढे जवळजवळ तीनशे वर्षं सत्ता त्याच्या घराण्याकडेच राहिली. त्यांच्या कागा संस्थानाचं उत्पन्न दहा लाख कोकू मानलं जाई. एक कोकू म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल इतका, साधारण दीडशे किलो तांदूळ. तोकुगावा शोगुन वगळले तर इतकं श्रीमंत सरदारघराणं जपानात दुसरं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात शहरावर बॉम्ब पडले नाहीत, त्यामुळे गल्ल्यांची जुनी आखणी शाबूत राहिली. मार्च 2015 मध्ये शिंकान्सेन ही बुलेट ट्रेन तोक्योहून थेट कानाझावापर्यंत धावू लागली आणि परदेशी पाहुण्यांची रीघ लागली. खासगी पायी फेऱ्यांचा व्यवसाय इथे वाढला तो या गर्दीबरोबर.

अशी फेरी बहुधा अर्ध्या दिवसाची असते. गाइड हॉटेलवर येतात किंवा स्टेशनसमोरच्या त्सुझुमी-मोन या भव्य लाकडी कमानीपाशी भेटतात. कमानीचे खांब नोह नाटकातल्या त्सुझुमी ढोलकीच्या आकारावरून घडवले आहेत. तिच्यामागे काचेचा प्रचंड घुमट आहे, येणाऱ्या पाहुण्यावर धरलेल्या छत्रीच्या कल्पनेतून बांधलेला. ही छत्री अगदी कामाची. जेवणाचा डबा विसरा पण छत्री विसरू नका, असं या भागात म्हणतातच. मानधन माणशी नसतं, गाइडच्या वेळेचं असतं. प्रवेशाची तिकिटं वेगळी. वर बक्षिसी देण्याची जपानात रीत नाही.

गाइडच्या पेशाला तिथे कायद्याची चौकट आहे. 1949 च्या कायद्यानुसार परदेशी भाषेत पैसे घेऊन वाट दाखवायची तर सरकारी परवाना लागे, आणि त्यासाठी परकीय भाषा, जपानचा इतिहास आणि भूगोल यांची लेखी परीक्षा व नंतर तोंडी परीक्षा द्यावी लागे. जानेवारी 2018 पासून परवान्याची सक्ती उठली. आता कुणीही हे काम करू शकतं, फक्त परवानाधारकाची पदवी लावता येत नाही. पाहुण्यांची संख्या आणि परवानाधारकांची संख्या यांचा मेळच बसत नव्हता, म्हणून हा बदल अटळ होता. तरी परीक्षेने लावलेली अभ्यासाची शिस्त या कामाला फार मोलाची आहे. कानाझावात ‘माइदो-सान’ नावाचे स्वयंसेवक गाइडही आहेत. गावाविषयीच्या निखळ प्रेमापोटी ते हे काम करतात.

चांगल्या गाइडची ओळख पटते ती सनावळ्यांवरून नव्हे. समोर दिसणाऱ्या वस्तूमागचं कारण त्यांना सांगता आलं पाहिजे. कानाझावात ही कारणं खणत गेलं की बहुतेक वेळा तीनच गोष्टी हाती लागतात : बर्फ, पाणी आणि एदोचा, म्हणजे तिथून राज्य करणाऱ्या तोकुगावा शोगुनांचा, धाक.

धाकाची गोष्ट अशी. 1599 मध्ये तोशिइए वारला आणि माएदा बंड करणार असा संशय तोकुगावांना आला. तोशिइएची विधवा मात्सू हिला 1600 मध्ये ओलीस म्हणून एदोला जावं लागलं. दहा लाख कोकूंचा धनी फौज वाढवू लागला असता तर ते उघड आव्हान ठरलं असतं. माएदांनी पैसा कलांकडे वळवला. शस्त्रांच्या डागडुजीसाठी असलेल्या किल्ल्यातल्या कारखान्यात पुढे लाखकाम आणि धातूकाम होऊ लागलं. आज दुकानांत दिसणारं लाखकाम, कुतानी चिनीमाती, कागा युझेनचं रंगीत रेशीम या सगळ्याला त्या राजकीय सावधपणाचा आधार मिळालेला आहे.

पाण्याची गोष्ट याहून सुरस. 1631 च्या आगीत किल्ला आणि गाव होरपळलं. किल्ला उंचावर, पाणी खाली. दुसऱ्याच वर्षी कोमात्सूच्या इताया हेइशिरोने साई नदीच्या वरच्या अंगाने सुमारे अकरा किलोमीटरचा तात्सुमी कालवा खोदून आणला. त्याचा काही भाग बोगद्यांतून जातो. शेवटचा टप्पा सर्वांत अवघड, कारण आजच्या केनरोकुएन बागेचं पठार आणि किल्ला यांच्यामध्ये खोलगट भाग होता. इतायाने बंद नळातून पाणी खाली उतरवलं आणि पलीकडे चढवलं. नळाचं तोंड सुटण्याच्या जागेपेक्षा उंच असलं की पाणी आपल्याच दाबाने वर येतं, हे तत्त्व. आज त्या खोलगटातून मोटाररस्ता जातो. पुलावर उभं राहून गाइड एका हाताने बाग आणि दुसऱ्या हाताने किल्ला दाखवतात, तेव्हा चारशे वर्षांपूर्वीचं ते धाडस नजरेत मावतं.

शहरात असे 55 कालवे आहेत, एकूण लांबी सुमारे दीडशे किलोमीटर. मोटारी उभ्या करण्यासाठी काही ठिकाणी ते झाकून टाकले होते; महापालिकेने दुकानदारांशी बोलून पुन्हा उघडे केले. नागामाचीत भिंतीलगत वाहणारा ओनोशो हा त्यांतला सर्वांत जुना.

केनरोकुएनमध्ये तात्सुमीचंच पाणी खेळतं. बागेतलं कारंजं पंपावर चालत नाही. वरच्या कासुमिगाइके तळ्याच्या दाबाने ते साडेतीन मीटरपर्यंत उडतं. ही जपानच्या तीन नामांकित बागांपैकी एक. दुसरी ओकायामाची कोराकुएन, जिच्या धर्तीवर पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान उभं राहिलं. पुण्याची बाग पाहिलेल्या मराठी माणसाला वळणावळणाने उलगडणारी पायवाट इथे ओळखीची वाटेल. नवा भेटेल तो बर्फाचा बंदोबस्त. दर 1 नोव्हेंबरला बागेतल्या कारासाकी पाइन या झाडापासून युकित्सुरीचं काम सुरू होतं. झाडाजवळ उंच खांब उभारून त्यांच्या शेंड्यांपासून फांदीफांदीला भाताच्या पेंढ्याचे दोर बांधतात. एकट्या कारासाकी पाइनला सुमारे आठशे दोर लागतात. इथला बर्फ ओला आणि जड. दोर नसले तर फांद्या मोडतील. डिसेंबरात नागामाचीच्या मातीच्या भिंतींवरही पेंढ्याच्या चटया चढतात, कारण मातीत मुरलेलं पाणी गोठलं की पोपडे सुटतात. हे शहर पाहायचं तर हिवाळ्यातच यावं. थंडी वाजेल, पण त्याचं शहाणपण त्या दिवसांत उघड्यावर असतं.

आसानो नदीपलीकडची हिगाशी चाया ही 1820 मध्ये वसवलेली चहाघरांची पेठ. इथे गेइशा नाचगाण्याने पाहुण्यांचं मनोरंजन करत, आजही करतात. त्याच वर्षी बांधलेलं ‘शिमा’ हे घर आत जाऊन पाहता येतं. दर्शनी जाळीपाशी गाइड पाहुण्याला आधी बाहेर उभं करतात, मग आत. पट्ट्यांचा छेद समलंब आहे, रुंद बाजू रस्त्याकडे. बाहेरून काही दिसत नाही, आतून रस्ता स्वच्छ दिसतो. काच नाही, पडदा नाही. सुताराच्या रंध्याने साधलेली ही सोय.

याच पेठेत सोन्याच्या वर्खाची दुकानं आहेत. जपानचा जवळजवळ सगळा, म्हणजे 99 टक्के वर्ख कानाझावात होतो. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ असल्यामुळे तो बोटाने उचलता येत नाही. कारागीर बांबूचा चिमटा आणि फुंकर वापरतात. दमट हवेमुळे वर्ख चिकटत नाही, म्हणून हा धंदा इथे रुजला. 2020 मध्ये युनेस्कोने जपानी लाकडी वास्तूंच्या जतनाची कौशल्यं अमूर्त वारशात घेतली, त्यांत वर्खाची पारंपरिक पद्धतही आहे. वर्ख लावलेल्या आइस्क्रीमसमोर रांग लागते ती लागो. कारागिरासमोर दहा मिनिटं बसणं जास्त मोलाचं.

म्योर्यूजी या 1643 च्या देवळात मात्र खासगी गाइडचं चालत नाही. आधी नोंदणी करावी लागते, आणि आत देवळाचीच माणसं फिरवतात. बाहेरून दुमजली दिसणाऱ्या या इमारतीत चार मजले, 23 खोल्या आणि 29 जिने आहेत. चोरवाटांमुळे लोक याला निंजांचं देऊळ म्हणतात, पण निंजांचा त्याच्याशी संबंध नाही. इथेही कारण एदोचा धाकच.

किल्ल्याच्या दगडी तटांवर अलीकडे फेरीचा बराच वेळ जातो. तोमुरो डोंगराचा तांबूस आणि निळसर दगड इशिबिकी-चो रस्त्याने ओढत आणला जाई, आणि कित्येक दगडांवर गवंड्यांच्या खुणा कोरलेल्या आहेत. 1 जानेवारी 2024 च्या नोतो भूकंपात या तटांना अनेक ठिकाणी तडाखा बसला. कोसळलेला दगड मूळ जागी बसवायचा तर आधी त्याची जागा पटवावी लागते, जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहावं लागतं. हे काम वर्षानुवर्षं चालणार आहे, आणि गाइड पाहुण्यांना कुंपणापाशी नेऊन तेही समजावून सांगतात.