शिक्षकाचे ४५ तास

पहिली ते पाचवीचा पट ६० पर्यंत असेल, तर शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षक दोनच. शिंदखेडा तालुक्यात अशा दोनशिक्षकी शाळेतले एक गुरुजी मीटिंगला गेले, की सगळे वर्ग दुसऱ्यावर. वर पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायसची माहिती, व्हॉट्सअॅपवरचं ‘तात्काळ’ पत्र. घरी अहिराणी बोलणाऱ्या लेकरांना पुस्तकी मराठीपर्यंत आणण्याची मेहनत तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. ताण इथे साचतो. तो शिक्षकाचा कमकुवतपणा नव्हे.

२००९च्या या कायद्याचं कलम २७ प्रत्येकाने वाचून ठेवावं. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका, याखेरीज अशैक्षणिक काम देता येत नाही. कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाच्या कामाचे आठवड्याला किमान ४५ तास धरलेत, त्यात पाठाची तयारीही मोजलेली आहे. म्हणजे रात्री घरी बसून काढलेलं टाचण हेसुद्धा कामच.

झोप उडाली, शाळेच्या वाटेवरच छाती धडधडू लागली, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा: १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मोफत, २४ तास, मराठीतही.