‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’ कव्हर घालूनही गाडी ओली का राहते? उघड्यावर पार्किंग असेल तर कव्हर घेण्याआधी हे समजून घ्या

मे महिना संपत आला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन विषय हमखास निघतात. एक, गच्चीचं वॉटरप्रूफिंग. दोन, गाडीचं कव्हर. पहिल्यावरून भांडणं होतात, दुसऱ्यावर लिंका येतात. ‘शंभर टक्के वॉटरप्रूफ’, ‘पाच लेअर’, ‘हेवी ड्युटी’, आणि खाली किंमत कुठे सात-आठशे, तर कुठे चार-पाच हजार. फोटोत सगळी कव्हरं सारखीच चंदेरी दिसतात. त्यामुळे बहुतेक लोक मधल्या किमतीचं उचलतात आणि मोकळे होतात.

खरी गंमत सप्टेंबरमध्ये कळते. महिनाभर कव्हराखाली उभी असलेली गाडी उघडली की आत कुबट वास, सीटबेल्टवर आणि स्टिअरिंगवर पांढरी बुरशी, बॉनेटवर पाण्याचे गोल गोल डाग. कव्हर कुठे फाटलेलं नसतं. वरून पाणी आत आलेलंही नसतं. मग ही ओल आली कुठून?

ती आली खालून. पावसाळ्यात गाडीखालची जमीन कायम ओली असते, चाकांच्या कमानींत चिखल असतो, आतले मॅट ओल्या चपलांनी भिजलेले असतात. या सगळ्याची वाफ वर जाते. रात्री हवा गार झाली की गाडीचा पत्रा लवकर थंड पडतो आणि तीच वाफ त्याच्यावर दवासारखी बसते. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं की झाकणाला आतून थेंब धरतात, तसंच हे. कव्हर प्लॅस्टिकसारखं बंद असेल तर ही वाफ बाहेर जाऊच शकत नाही. उघडी गाडी उन्हाची एक तिरीप आली तरी वाळते. झाकलेली आठवडाभर ओलीच राहते. दगड उडून रंगाचा टवका गेलेल्या जागी अशा वेळी गंज धरतो.

स्वस्तातला रेनकोट घालून दादर ते परळ चालत गेलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पाऊस बाहेर राहतो, पण माणूस घामानेच भिजतो.

पावसापासून गाडीला वाचवायचंच कशाला?

इथे एक साधी गोष्ट विसरली जाते. गाडी मुळातच वॉटरप्रूफ असते. दारांना रबर असतं, पत्र्याला रंगाचे थर असतात, पाणी वाहून जायला जागा ठेवलेल्या असतात. स्वच्छ पावसाचं पाणी पडून गाडीचं काही बिघडत नाही, उलट धूळ धुऊन निघते. म्हणजे दुकानात शिरल्या शिरल्या विचारला जाणारा ‘पाणी आत जाणार नाही ना?’ हा प्रश्न तितकासा महत्त्वाचा नाही.

गाडीचे खरे शत्रू वेगळे आहेत. पहिला म्हणजे ऊन. गाडीच्या पत्र्यावर एकावर एक थर असतात : गंजरोधक थर, प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यातला क्लिअर कोट बहुधा ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. गाडीची चमक ती एवढीच. उन्हातले अतिनील किरण वर्षानुवर्षं हा थर खातात. आधी रंग फिका पडतो, मग छतावर आणि बॉनेटवर पापुद्रे निघायला लागतात. हेडलाइट पिवळे पडतात तेही याच उन्हाने, कारण त्यांची काच ही काच नसून पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक असतं.

दुसरा शत्रू डोक्यावरून येतो. कबुतरं आणि कावळ्यांच्या विष्ठेत युरिक ॲसिड असतं. उन्हात पत्रा तापला की क्लिअर कोट थोडा मऊ होतो, फुगतो. गार झाला की आकसतो आणि वर वाळलेल्या विष्ठेचा ठसा त्यात कायमचा उमटतो. दोन-तीन दिवस तशीच राहिली तर धुऊनही डाग जात नाही, पॉलिश करावं लागतं. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांना आणखी एक भेट मिळते. आंब्याला मोहर आला की तुडतुडे चिकट रस टाकतात, त्यावर धूळ बसते आणि काच वायपरनेही साफ होत नाही. जूनमध्ये जांभळाखाली पांढरी गाडी लावून बघावी, म्हणजे वेगळं उदाहरण लागणार नाही.

तिसरा शत्रू शहरांत वाढत चाललाय : बांधकामाची धूळ. सिमेंटची भुकटी बसलेल्या गाडीवर पावसाची एक सर पडली की ती तिथेच घट्ट होते.

ही यादी डोळ्यांसमोर ठेवली तर कव्हराकडून नक्की काय हवंय ते स्पष्ट होतं. ऊन अडवणं, घाण अडवणं आणि हवा खेळती ठेवणं. पाण्याचा नंबर त्यानंतर. थोडं पाणी झिरपलं तरी चालेल, पण ते वाळलं पाहिजे.

लेबलवरचे आकडे

पाकिटावर ‘१९०टी’ किंवा ‘२१०टी’ लिहिलेलं असतं. टी म्हणजे एक इंच चौरसात उभे-आडवे मिळून किती धागे आहेत तो आकडा. जास्त टी म्हणजे वीण घट्ट. ‘२१०डी’, ‘६००डी’ असं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी : डी म्हणजे डेनियर, नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. थोडक्यात धाग्याची जाडी. १९०टी आणि २१०डी यांची तुलना करणं म्हणजे भाकरी किती आणि पीठ किती जाड यांची तुलना करणं. दुकानदार मात्र दोन्ही आकडे एकाच दमात सांगतो आणि मोठा आकडा भारी असं गिऱ्हाइकाला वाटतं.

बाजारात मुख्यतः तीन जाती दिसतात. सगळ्यात खपणारी म्हणजे पातळ पॉलिस्टर टॅफेटा, वर चंदेरी किंवा पीयूचा लेप. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. हलकं, घडी करून डिकीत मावणारं, स्वस्त. ऊन आणि धूळ यांच्यासाठी ठीक. पण लेप टिकत नाही. चंदेरी मुलामा वर्षभराच्या उन्हात भुकटी होऊन गळू लागतो आणि दमट हवेत पीयूचा लेप चिकट होतो, कारण पाण्याच्या वाफेने पॉलियुरेथेन हळूहळू विघटित होतं. जुनी छत्री किंवा जुनी सॅक माळ्यावरून काढल्यावर आतून चिकट लागते, तोच प्रकार.

दुसरी जात प्लॅस्टिकच्या फिल्मची, आतून कापसासारखं अस्तर लावलेली. पाणी अजिबात आत येत नाही आणि वाफ अजिबात बाहेर जात नाही. उन्हाळी कोरड्या हवेत चालेल, कोकणात नको. अस्तर एकदा भिजलं की वाळायला दोन दिवस लागतात आणि तोवर ओलं फडकं गाडीला गुंडाळून ठेवल्यासारखं होतं.

तिसरी जात न विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची, तीन किंवा जास्त थरांची, मध्ये बारीक छिद्रांचा पडदा. ही छिद्रं पाण्याच्या थेंबाला अडवतात, पण वाफेला वाट देतात. उघड्यावर कायम उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी हीच सगळ्यात शहाणी निवड. मात्र ‘पाच लेअर’ या शब्दावर जाऊ नये. एकाच पातळ कापडाचे पाच थर दाबले तरी ते पाच लेअरच म्हणायचे. मध्ये पडदा आहे का, एवढंच विचारावं.

हे दुकानात तपासताही येतं.   कापडाचा खोलगा करून त्यात पेलाभर पाणी ओतावं आणि पाच मिनिटं धरून ठेवावं. शिवण असलेली जागा घेतली तर उत्तम, कारण कव्हर गळतं ते कापडातून नाही, सुईच्या भोकांतून. छतावर मधोमध शिवण असलेलं कव्हर असेल तर त्या शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का ते बघावं. शेवटी कापड उजेडाकडे धरावं. पलीकडचा ट्यूबलाइट स्पष्ट दिसत असेल तर ऊनही तितक्याच सहज आत जाणार.

नागपूरचं कव्हर रत्नागिरीत कामाचं नाही

महाराष्ट्रात हवा एकसारखी नाही, त्यामुळे एकच कव्हर सगळीकडे चांगलं ठरत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तिथे ऊन परतवणारा फिका किंवा चंदेरी रंग सगळ्यात महत्त्वाचा. काळं कव्हर दिसायला रुबाबदार, पण ते उष्णता शोषून घेतं. अशा ठिकाणी चंदेरी टॅफेटाही दोन उन्हाळे काढेल.

मुंबईत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि गोव्यात त्याहून जास्त. वर समुद्राची खारी हवा. इथे हवा खेळती ठेवणाऱ्या कव्हराला पर्याय नाही, आणि खरं तर संततधारेत कव्हर काढून ठेवलेलंच बरं. कोकणात कित्येक घरांसमोर पावसाआधी मांडव घालून त्यावर ताडपत्री ताणतात. गाडी त्याखाली लावली तर वर आडोसा आणि चारही बाजूंनी वारा, याहून चांगलं कव्हर कुठली कंपनी देत नाही. पण तीच निळी ताडपत्री थेट गाडीवर टाकून विटा ठेवणं म्हणजे रंगाची वाट लावणं.

मराठवाडा-विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट होते. २०१४ ची गारपीट शेतकरी विसरलेले नाहीत. साधं कव्हर गारांपुढे टिकत नाही. त्यासाठी जाड फोमचं अस्तर असलेलं वेगळं कव्हर लागतं. ते घालायला जड आणि वर्षातून एखाद्या दिवसासाठी, त्यामुळे अंगावरची जुनी गोधडी किंवा चादरी कव्हराखाली घालणारे लोक काही वेडे नाहीत.

माप, वारा आणि ओरखडे

‘हॅचबॅकसाठी’ एवढं लिहिलेलं कव्हर घेऊ नये. वॅगनआर ३६५५ मिलिमीटर लांब आणि १६७५ उंच, तर बलेनो ३९९० लांब आणि १५०० उंच. दोन्ही हॅचबॅकच, पण एकीचं कव्हर दुसरीला एक तर समोर लोंबेल किंवा बाजूला आखूड पडेल. मॉडेलच्या नावाने आणि सालानुसार घ्यावं. छतावर रेल असतील, मागे उभी अँटेना असेल, तर तेही सांगावं.

सैल कव्हर दिसायला वाईट एवढंच नाही, ते रंग खातं. वाऱ्यात फडफडताना कापड आणि पत्रा यांच्यामध्ये अडकलेली धूळ सँडपेपरचं काम करते. म्हणून खाली सगळीकडे इलॅस्टिक आणि पोटाखालून जाणारा बकलवाला पट्टा हवाच. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या उघड्या पार्किंगमध्ये दोन पट्टे असले तरी कमीच. आणि धुळीने माखलेल्या गाडीवर कव्हर ओढण्यापेक्षा गाडी तशीच ठेवलेली चांगली. काढताना कव्हर दोन्ही बाजूंनी छतावर दुमडून घ्यावं, मग मागून पुढे गुंडाळावं. जमिनीवर टाकलेलं कव्हर सगळी रेती घेऊन परत गाडीवर चढतं.

रोज ऑफिसला गाडी नेणाऱ्याने पूर्ण कव्हराच्या भानगडीत पडू नये. चार दिवस हौसेने घातलं जातं, पाचव्या दिवशी ते डिकीत जातं. त्याच्यासाठी छत आणि काचा झाकणारं अर्धं कव्हर पुरतं. महिना-महिना न हलणाऱ्या गाडीला पूर्ण कव्हर घालावं, पण पंधरवड्यातून एकदा ते काढून, दारं उघडी ठेवून गाडीला तासभर ऊन दाखवावं. लांबून आल्या आल्या लगेच कव्हर घालू नये, सायलेन्सर तापलेला असतो आणि पॉलिस्टर त्याला चिकटून वितळतं. रस्त्यावर उभी ठेवायची असेल तर नंबर प्लेट दिसेल अशी पारदर्शक खिडकी असलेलं कव्हर घ्यावं, नाहीतर महिनोन्महिने झाकलेली गाडी बेवारस समजून उचलली जाण्याची भीती असते.

आता एक गोष्ट रंगापेक्षा मोठी. कव्हर घातलेल्या गाडीच्या आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही. सोसायटीत लपाछपी खेळणारी मुलं उघड्या राहिलेल्या दारातून आत शिरतात आणि आतून दार उघडता येत नाही असं देशात अनेकदा घडलंय, मुलं दगावली आहेत. उन्हात बंद गाडी काही मिनिटांत भट्टी होते. म्हणून कव्हर घालण्याआधी चारही दारं आणि डिकी लॉक झाली का ते हाताने ओढून बघायचं, किल्ली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवायची नाही, आणि मूल सापडत नसेल तर आधी झाकलेल्या गाड्या बघायच्या.

दिवाळीच्या चार दिवसांत मात्र कव्हर घरातच ठेवावं. रॉकेटची ठिणगी उघड्या पत्र्यावर पडली तर फार तर डाग पडतो. पॉलिस्टरवर पडली तर कापड पेटतं, वितळतं आणि जळतं प्लॅस्टिक गाडीला चिकटून बसतं.