सिस्टरच्या टॅबमधली आपली नोंद



आमच्या गटातली एक ताई सात महिन्यांची गरोदर होती. उपकेंद्रात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ६.८ निघालं. सिस्टरनी ते तिच्या कार्डावर आणि आपल्या वहीत लिहिलं. त्या दिवशी त्यांना अजून तीन वाड्या फिरायच्या होत्या, त्यामुळे टॅबमध्ये माहिती भरायला रात्र झाली. तेव्हा ६.८ च्या जागी ८.६ पडलं.

आकडे तेच, नुसती जागा बदलली. पण गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्त कमी आहे असं धरतात आणि ७ च्या खाली गेलं की धोका मोठा असतो. ८.६ असेल तर गोळ्या, आहार आणि पुन्हा तपासणी. ६.८ असेल तर मोठ्या दवाखान्यात पाठवावंच लागतं. टॅबला ८.६ दिसलं, म्हणून तो गप्प राहिला.

ताई ९ तारखेच्या तपासणीला गेली तेव्हा कार्ड सोबत होतं. डॉक्टरांनी त्यावरचा आकडा पाहिला आणि तिला त्याच दिवशी पुढे पाठवलं. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण कार्ड घरी राहिलं असतं तर?

यात सिस्टरना नावं ठेवायची नाहीत. सपाट भागात साधारण पाच हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असतं. एवढ्या माणसांच्या नोंदी त्यांच्याकडे असतात. २०१६ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्यासाठी ‘अनमोल’ नावाचं अ‍ॅप आणलं. त्यात रेंज नसतानाही माहिती भरता येते आणि रेंज आली की ती पुढे जाते. सोय चांगलीच आहे. मात्र कोणतंही अ‍ॅप वापरायला सोपं आहे की नाही, हे वापरणारीच्या दिवसावरून ठरतं.

नोंद कशासाठी असते, ते आधी बघू. नर्सच्या कामाच्या पाच पायऱ्या आहेत: बाईला तपासणं, अडचण ओळखणं, काय करायचं ते ठरवणं, ते करणं आणि फरक पडला का ते पुन्हा बघणं. टॅबने या पाचही पायऱ्यांना हात दिला पाहिजे. नुसते रकाने भरून घेतले आणि पुढची तपासणी कधी, कोणाकडे लक्ष द्यायचं, हे सांगितलं नाही, तर ती नोंद वरच्या कार्यालयाच्या कामाची झाली, बाईच्या नाही.

म्हणून चांगल्या अ‍ॅपची परीक्षा सोपी आहे. बाई समोर बसलेली असताना माहिती भरता येते का? तीच माहिती वहीत आणि टॅबमध्ये दोनदा लिहावी लागते का? शब्द मराठीत आहेत का? मागच्या महिन्याचा आकडा शेजारी दिसतो का? मागच्या खेपेला १० आणि आज ६.८, असा मोठा फरक पडला तर ते विचारतं का? दोनदा लिहावं लागलं की चूक होण्याची संधीही दोनदा येते. आणि बाई घरी गेल्यावर भरलेला आकडा चुकला तर तो दुरुस्त करायला ती समोर नसते.

आता आपण काय करायचं? आपल्या गटात महिन्याच्या बैठकीला खजिनदार हिशेब मोठ्याने वाचते. एखादीच्या नावावर पन्नास रुपये कमी पडले तर तिथेच कळतं. तीच सवय इथे लावू या.

एक, तपासणी झाली की म्हणायचं, “सिस्टर, माझं रक्त आणि बीपी किती लिहिलं, वाचून दाखवता का?” बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त असेल तर पुढे काय करायचं, तेही विचारायचं.

दोन, माता-बाल कार्ड प्रत्येक वेळी सोबत न्यायचं. टॅब आला म्हणून कार्ड ट्रंकेत टाकायचं नाही.

तीन, माहेरी बाळंतपणाला जाणार असाल तर जायच्या आधी आशाताईंना सांगायचं आणि तिथल्या सिस्टरना कार्ड दाखवायचं.

चार, तपासणीच्या दिवशी सिस्टरना बसायला टेबल, टॅब चार्ज करायला जागा आणि थोडी शांतता मिळेल असं बघायचं. गावच्या आरोग्य समितीत हा विषय गटाने मांडावा. दोनदा लिहिण्याचा त्रास सिस्टर सांगत असतील तर तोही ठरावात घ्यावा.

वाचून दाखवायला सांगणं म्हणजे अविश्वास नव्हे. हिशेब वाचला म्हणून आपली खजिनदार कधी रागावत नाही, उलट तिचंच ओझं हलकं होतं. पुढच्या बैठकीत गटातल्या प्रत्येक गरोदर बहिणीचं कार्ड उघडून बघा. शेवटचा आकडा तिला स्वतःला पाठ आहे का, एवढं जरूर विचारा.