फर्स्ट परेड आणि गाडीच्या टायरमधली हवा

मागच्या मे महिन्यात सुट्टी लागली तेव्हा आई, बाबा आणि धाकटी बहीण मला न्यायला गाडी घेऊन जयपूरला आले होते. आमचं घर इंदूरला. टोंक, देवली, बुंदी करत कोट्याला मावशीकडे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी झालावाडमार्गे इंदूर, असा बेत होता.

भर दुपारी बुंदीच्या अलीकडे आम्ही एका पंपावर पेट्रोल भरायला थांबलो. बाबांनी हवाही बघायला सांगितली. चारही टायरमध्ये 39 पीएसआय निघालं. आमच्या गाडीसाठी 33 सांगितलेलं आहे. हवा भरणारा दादा म्हणाला, "साहब, गर्मी में इतनी हवा? टायर फट जाएगा!" त्याने चारही टायरमधली हवा सोडून काटा 33 वर आणला. आम्हाला ते पटलं. ऊन 43 अंशांचं होतं आणि टायरला हात लावला तर चटका बसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता बाबा सामान लावत होते. मी सहज डिकीतला मीटर काढून हवा तपासली. 28! दुसरा टायर, 28. चारही तसेच. चार टायर एकाच रात्री सारखे पंक्चर होत नाहीत. बाबा म्हणाले, "काल तर 33 केली होती ना रे?" कारण मलाही सांगता येईना. आम्ही हवा पुन्हा 33 केली आणि निघालो. पण प्रश्न डोक्यात राहिला. शाळा उघडल्यावर तो मी एमटी शेडमधल्या उस्तादांना विचारला.

उस्ताद साताऱ्याचे आहेत. ते हसले आणि म्हणाले, "फर्स्ट परेड सकाळी का असते, सांग बरं."

फर्स्ट परेड म्हणजे काय ते कॅडेट्सना माहीत आहे, पालकांसाठी सांगतो. लष्करी गाडी सकाळी सुरू करण्याआधी चालक तिची ठरलेली तपासणी करतो. तेल, पाणी, बॅटरी, दिवे आणि टायरमधली हवा. ही तपासणी गाडी हलण्याआधी होते, म्हणजे टायर थंड असताना. आमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच होतं. गाडीवर लिहिलेला आकडा हा थंड टायरचा आकडा असतो.

बंद टायरमधली हवा तापली की तिचा दाब वाढतो. गणित करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, म्हणजे अंश सेल्सियसमध्ये 273 मिळवायचे. आणि मीटर फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब दाखवतो, म्हणून त्यात वातावरणाचे सुमारे 14.7 पीएसआय मिळवायचे. आता सकाळी 30 अंशांना 33 पीएसआय हवा असेल, तर खरा दाब 47.7 झाला. चालून चालून टायरमधली हवा 68 अंशांपर्यंत तापली, तर दाब 47.7 × 341 ÷ 303, म्हणजे 53.7 होतो. त्यातून 14.7 वजा केले की मीटरवर 39 दिसतात. म्हणजे पंपावर दिसलेले 39 बरोबरच होते! टायरमध्ये जादा हवा नव्हतीच, तीच हवा तापलेली होती. आम्ही ती सोडून दिली, आणि रात्री टायर थंड झाल्यावर काटा 28 वर आला. स्थूलमानाने तापमान साडेपाच अंशांनी बदललं की दाब 1 पीएसआयने बदलतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

"पण जास्त हवेने टायर फुटतो ना?" मी विचारलं. उस्ताद म्हणाले की गरमीत जास्त धोका कमी हवेचा असतो. कमी हवेचा टायर जमिनीला टेकताना बाजूने फुगतो आणि वर गेला की सरळ होतो. प्रत्येक फेरीत असं वाकणं आणि सरळ होणं चालू राहतं. लोखंडी तार पुन्हा पुन्हा वाकवून बघा, वाकल्या जागी ती गरम लागते. टायरचंही तसंच होतं. वेग आणि ओझं जितकं जास्त, तितकी उष्णता जास्त. शेवटी रबर आणि आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि टायर फाटतो. आम्ही चार जण, डिकी भरलेली, मे महिन्याचं ऊन आणि पुढे तीनशेहून जास्त किलोमीटर रस्ता. फुटू नये म्हणून सोडलेल्या हवेनेच टायर फुटण्याची वेळ आली असती. हे ऐकल्यावर मला धाकटी मागच्या सीटवर झोपलेली आठवली.

महाराष्ट्रातल्या वाचकांना समृद्धी महामार्गाचं उदाहरण जवळचं वाटेल. नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. सरळ काँक्रीटचा रस्ता आणि मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मर्यादा. त्यानंतर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या येऊ लागल्या आणि परिवहन खात्याने वाहनांचे टायर तपासायला सुरुवात केली. गावातल्या गावात खपून जाणारी चूक अशा रस्त्यावर खपत नाही.

मग हवा भरपूर ठासून भरावी का? तेही नाही. समजा गाडी 1100 किलोची आहे. एका चाकावर 275 किलो आले. 33 पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2.3 किलो. भागाकार केला तर एक टायर रस्त्याला सुमारे 120 चौरस सेंटिमीटर टेकतो. एका पोस्टकार्डाएवढाच! वळणं, ब्रेक, सगळं त्या चार पोस्टकार्डांवर चालतं. हवा जास्त भरली की ही जागा आणखी लहान होते, पकड कमी होते, टायर मधोमध झिजतो आणि खड्ड्याचा दणका जास्त बसतो.

योग्य आकडा कुठे बघायचा? चालकाचं दार उघडल्यावर खांबावर स्टिकर असतो, काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. गाडीच्या पुस्तिकेतही आकडा मिळतो. पुष्कळ गाड्यांत पुढच्या व मागच्या चाकांसाठी आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी वेगळे आकडे असतात. टायरच्या कडेवर 'मॅक्स' म्हणून छापलेला आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा आहे, आपल्या गाडीचा आकडा नव्हे.

तपासताना एवढं पाळा.

1. गाडी किमान तीन तास उभी असावी. पंप जवळ, दोन किलोमीटरच्या आत असेल तर चालेल.

2. स्वतःचा मीटर ठेवा. पंपावरचा मीटर दिवसभर आपटत असतो.

3. व्हॉल्व्हचं टोपण काढा, मीटर सरळ दाबा. फुस्स आवाज येत राहिला तर तो नीट बसलेला नाही.

4. गरम टायरमधली हवा कधीही सोडू नका. गरम असूनही आकडा कमी दिसला तर हवा भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा.

5. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी तपासा. स्टेपनी विसरू नका.

6. एकच टायर पुन्हा पुन्हा उतरत असेल तर हवा भरत बसू नका, पंक्चर शोधा.

जयपूरकरांसाठी आणखी एक. मे महिन्यात सकाळी 30 अंशांना भरलेले 33, जानेवारीच्या 8 अंशांच्या सकाळी आपोआप साडेएकोणतीसच्या आसपास येतात. शिवाय चांगल्या टायरमधूनही दर महिन्याला थोडी हवा कमी होतेच. म्हणून थंडी पडू लागली की एकदा नक्की बघा. नायट्रोजन भरला असेल तरी हेच. आपल्या हवेत तसाही 78 टक्के नायट्रोजनच असतो, आणि तोही तापला की दाब वाढतो.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा बाबांनी दारामागचा स्टिकर मला दाखवला. त्यांनी त्यावरच्या 33 भोवती लाल पेनाने गोल केला होता आणि खाली लिहिलं होतं, 'सकाळी, थंड'. आता आमच्याकडेही फर्स्ट परेड असते. मीटर धरायचं काम धाकटीचं.

कॅडेट, इयत्ता दहावी